चिमणी तेवढी उभी आहे

आज बाबांना डॉक्टरांकडे घेऊन लोअर परळला गेले होते. परत येताना म्हणाले, "जरा मिलच्या बाजूने चल गं." मिल कुठली आता, सगळ्या काचेच्या इमारती. चिमणी तेवढी ठेवलीय. गेटपाशी आल्यावर बाबांचा हात आपसूक खिशाकडे गेला. तिथे पास असायचा.

बाबा साचे खात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या विभागात होते. मागावर इकडून तिकडे सूत नेणाऱ्या धोट्यांच्या खडखडाटात तोंडाच्या हालचालीवरूनच बोलणं कळायचं म्हणे. म्हणूनच ते अजून आमच्या ओठांकडे बघत ऐकतात, हे मला आज पहिल्यांदा लक्षात आलं!

कोकणातून आले तेव्हा गाववाल्यांच्या खोलीत राहिले. एक पाळी कामावर, दुसरी त्याच जागेवर झोपलेली. जेवण खानावळीत. त्या खानावळवाल्या मावश्यांनी हे गिरणगाव जगवलं, हे लिहायलाच हवं.

१८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडेंच्या लढ्यामुळे. आणि १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आमच्या घरात आईच्या बांगड्या तेव्हा गेल्या.

बाबा बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, "सातचा भोंगा झाला की तुझी आजी चुलीवर चहा ठेवायची."

टॅक्सीत बसल्यावर मी त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश बोलत राहिले.