नळीच्या मधला फुगवटा

नागपूरच्या महाल भागात माझं चष्म्याचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काउंटरखालून भिंग काढतो आणि जुने फोटो पाहत बसतो. लोकांना क्रिकेटचे स्कोअर पाठ असतात, मला रणगाड्यांची चाकं पाठ आहेत. बायको म्हणते, घरच्या किराण्याची यादी मात्र तुमच्या ध्यानात राहत नाही. खरं आहे.

मागच्या थंडीत नंबर तपासायला येणाऱ्या एका पोरानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. ‘काकाजी, हे आमचे आबाजी. ७१ची लढाई. टँक कोणता ते सांगा ना.’

रणगाड्याच्या वरच्या घुमटावर जाळी पांघरलेली. त्यावर एक काटक माणूस उभा, स्वेटर कोपराशी उसवलेलं. तोफेची नळी उजवीकडे जाते, मधे एक फुगवटा, आणि थोडं पुढं गेली की फोटोच संपतो. खाली काहीतरी तपकिरी, अंधूक.

हा फुगवटा म्हणजे शोभा नव्हे. गोळा सुटल्यावर नळीत धूर कोंडतो आणि मागचं झाकण उघडलं की आत बसलेल्यांच्या छातीत जातो. म्हणून नळीभोवती पोकळ नळकांडं असतं. गोळा पुढं जाताना त्यात दाबाचा वायू भरतो, मग तोच वायू तोंडाच्या दिशेनं सुटतो आणि मागचा धूर ओढून बाहेर नेतो. आजीच्या चुलीजवळच्या फुंकणीचं हे चुलत भावंड. आमच्यासारख्यांना मात्र तो ओळखचिन्ह म्हणून कामाचा. रशियन १०० मिमी तोफेला तो नळीच्या तोंडाशी असतो. साधारण मध्यावर दिसला तर ब्रिटिश वळणाची तोफ, म्हणजे आपल्याकडं सेंच्युरियन किंवा विजयंता.

मी लगेच टाइप केलं, ‘सेंच्युरियन.’ तेवढ्यावर थांबायचं होतं. पण हात शिवशिवले आणि पुढं लिहिलं की बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स रेजिमेंटकडे हेच रणगाडे होते, १६ डिसेंबर १९७१ला अरुण खेत्रपाल यांना वीरमरण आलं ते सेंच्युरियनवरच. अर्ध्या तासात पोराच्या स्टेटसला फोटो चढला, खाली ‘बसंतरचे वीर’. आबाजी बसंतरला होते, असं मी कुठं म्हटलं होतं? पण म्हटल्यासारखंच झालं होतं.

रविवारी स्कूटर काढली, ऑटोमोटिव्ह चौक ओलांडून थेट कामठी. मूळ फोटो पाहिल्याशिवाय झोप लागेना.

फोटो देवघराशेजारी फ्रेममध्ये होता, आणि ते तपकिरी अंधूक म्हणजे चंदनाचा हार! आजींना विचारून हार बाजूला केला. खाली चाकं. एका बाजूला पाच, मोठमोठी. वर पट्ट्याला आधार देणाऱ्या छोट्या चकत्या नाहीत, पट्टा सरळ चाकांवर टेकलेला. पहिल्या आणि दुसऱ्या चाकात बाकीच्यांपेक्षा जास्त जागा.

पोटात गोळा आला. सेंच्युरियनला सहा चाकं, विजयंतालाही सहा, पॅटनलाही सहा. शर्मनची पण सहाच, फक्त लहान आणि दोन-दोनच्या जोडीनं. पाच मोठी चाकं आणि पुढं ती फट म्हणजे रशियन टी-५४ किंवा टी-५५. टी-६२ असता तर मोकळी जागा मागच्या चाकांमध्ये दिसली असती. जाळीखालचा घुमटही आता नीट पाहिला तर उलट्या कढईसारखा गोल होता. सेंच्युरियनचा तसा नसतो. हे मला मोबाइलवरही दिसायला हवं होतं.

मग मधला फुगवटा कुठून आला? पुढं आपण टी-५५वर १०५ मिमी तोफा बसवल्या, त्यांचा फुगवटा मध्यावर असतो. पण फोटोमागं पेन्सिलनं ‘जानेवारी ७२’ लिहिलेलं. इतक्या लवकर ते शक्य नव्हतं.

मी पुटपुटत होतो ते आजींनी ऐकलं. ‘ते फुगलेलं काय? ते तं खोटं हाय बापा. पत्र्याचं. यायनंच बसवलं होतं.’

‘काहून?’

‘पाकिस्तानजवळही तसेच टँक होते म्हणे. आपलेच लोक आपल्यावर गोळे मारतीन म्हणून.’

झालं. मी हे कधीतरी वाचलेलं होतं आणि ऐनवेळी आठवलं नव्हतं. पाकिस्तानकडे चिनी टाइप-५९ होते, म्हणजे टी-५४चीच नक्कल. जम्मूकडच्या छांब आघाडीवर तर दोन्ही बाजूंनी जवळजवळ जुळी भावंडंच समोरासमोर. धुळीत, हजार-दीड हजार मीटरवरून आपला कोण आणि परका कोण हे ठरवायचं कसं? म्हणून आपल्या टी-५४, टी-५५च्या नळीवर मध्यावर नकली फुगवटा चढवला होता. धूर वगैरे काही ओढायचा नाही, नुसतं सोंग. त्या सोंगानं पन्नासेक वर्षांनी महालातल्या एका चष्मेवाल्याला गंडवलं.

पोरगा मात्र हिरमुसला. ‘म्हणजे आबाजी टँक चालवत नव्हते?’

‘ते वेल्डर होते ईएमईत, फौजेच्या दुरुस्ती खात्यात,’ आजी म्हणाल्या. ‘चालवनारे दुसरे. बिघडला की हे.’ आणि माझ्यापुढं चिवड्याची बशी सरकवली.

एक गोष्ट राहिली होती, टी-५४ की टी-५५. टी-५४च्या घुमटाच्या छतावर उजवीकडे पुढं हवेसाठी एक छोटी गोल टोपी असते, टी-५५ला ती नसते. तेवढी एक टोपी दिसली की निकाल. भिंग डोळ्याला लावून फ्रेमवर वाकलो. जाळी सरकलेली होती, नेमकी ती जागा उघडी होती, आणि तिथं आबाजींचा उजवा बूट होता. लेसची गाठसुद्धा मोजता येत होती. बुटाखाली काय आहे ते काही दिसेना.