पोस्टरवर आधी काय लिहायचं

मंगळवार, रात्र

मुलामुलींसाठीच्या एचआयव्ही-प्रतिबंध मोहिमेच्या पोस्टरांचे मसुदे आज एकदाचे आले. त्यातलं एक काळंकुट्ट, मधोमध लाल थेंब आणि खाली ठळक अक्षरांत, ‘एक चूक आणि आयुष्य संपलं’. मी ते लगेच बाजूला काढलं. आवडीनिवडीचा प्रश्नच नाही, त्यातला मजकूर खोटा आहे. एचआयव्हीचं निदान वेळेत झालं आणि औषधं नियमित चालू राहिली, तर माणूस जवळपास इतरांइतकंच आयुष्य जगतो. सोळा-सतराच्या मुलांना खोटं सांगून सावध केलं, तर पुढे ती आपलं खरंही ऐकणार नाहीत.

‘धाक दाखवल्याशिवाय ही पोरं ऐकत नाहीत’ हे बैठकीत आलंच. समजूत जुनी आहे. १९८७ साली ऑस्ट्रेलियात टीव्हीवर एक जाहिरात लागायची. तीत साक्षात मृत्यू बोलिंग खेळतो आणि पिनांच्या जागी माणसं उभी असतात, त्यात आया आणि लहान मुलंही. त्याच सुमाराला ब्रिटनमध्ये थडग्याच्या दगडाची जाहिरात आली, घरोघरी पत्रकं गेली. तेव्हा हाताशी उपचार जवळजवळ नव्हते, लोकांना खडबडून जागं करणं भाग होतं, हे मला मान्य आहे. पण त्या धसक्यातून आजारी माणसांबद्दलचा संशयही वाढला. आज परिस्थिती पार बदललीय आणि पोस्टरवरचं थडगं मात्र तसंच.

भीतीचा उपयोग होतो, पण कधी? ‘यावर मला काहीतरी करता येईल’ असा भरवसा सोबत मिळाला तर. तो नसेल, तर माणूस धोका टाळण्याऐवजी धोक्याचा विचार टाळतो. पोस्टरकडे बघून हसतो, मान फिरवतो आणि चाचणी लांबवत राहतो. घाबरलेल्याला निकाल नकोच असतो.

म्हणून गेल्या आठवड्यात मुलामुलींच्या गटाला मी धोक्यांबद्दल काही विचारलंच नाही. एकमेकांची काळजी तुम्ही कशी घेता, एवढंच विचारलं. आधी सगळे गप्प. मग एकेक सांगू लागले. मित्राला उशीर झाला की पोचल्याचा मेसेज आल्याशिवाय झोपायचं नाही. मैत्रीण नको त्या माणसाच्या गाडीत बसत असेल, तर तिच्या फोनवर फोन करत राहायचं. एक मुलगी म्हणाली, ‘ती टेस्टला गेली तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. काही बोलले नाही, नुसती बसले.’ तिथल्या तिथे पोस्टरचं वाक्य मिळालं: ‘टेस्टला जायचंय? मी येते सोबत.’ हे त्यांना शिकवावं लागलं नाही. ते त्यांच्याकडे होतंच, आम्ही फक्त वहीत उतरवून घेतलं.

आणि सांगण्यासारखं किती आहे! कंडोम आहेच. प्रेपची, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीपासून रोज घ्यायची गोळी नीट घेतली, तर लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गाचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी कमी होतो. संबंध आला, कंडोम फाटला, जबरदस्ती झाली, तरी ७२ तासांच्या आत पेपची, म्हणजे धोका घडून गेल्यावर लागण रोखणारी औषधं सुरू करता येतात, २८ दिवस घ्यायची. जितकी लवकर, तितकं चांगलं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडामध्ये १६ ते २५ वयाच्या मुलींवर लेनाकापाविर या एचआयव्ही रोखणाऱ्या इंजेक्शनची चाचणी झाली, वर्षातून दोनदा घ्यायचं. २०२४ मध्ये निकाल आले. इंजेक्शन मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नव्हती. मी ते वाचून उठून उभी राहिले होते. ही बातमी मुलींपर्यंत पोचायच्या आधी कवटी कशी काय पोचते?

मुलांच्या अकलेवर विश्वास टाकला की काय होतं, याचं केनियातलं उदाहरण मी बैठकीत सांगितलं. कोणत्या वयाच्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण किती, हे तिथे आठवीच्या मुलींना आकड्यांनिशी सांगितलं. मोठ्या वयाच्या पुरुषांत धोका जास्त, हे कळल्यावर मुली त्यांच्यापासून लांब राहिल्या असाव्यात; पुढच्या वर्षभरात त्यांच्यातलं गरोदरपणाचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं. नुसत्या संयमाच्या धड्यांनी तसा फरक पडला नव्हता.

पण गोड पोस्टरांचीही मला धास्ती वाटते. ‘जिंकणारे सुरक्षित राहतात’ असं एक आलंय, छान रंगीत. गटातला एक मुलगा जन्मापासून एचआयव्हीसह जगतोय. त्याने ते वाचलं, खाली ठेवलं आणि म्हणाला, ‘मी रोज रात्री साडेनऊला गोळी घेतो. ते पण लिहा ना.’ बरोबर आहे त्याचं. औषधांनी रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी राहिला, तर संबंधांतून तो जोडीदाराला लागत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात, कंडोमशिवाय आलेल्या सुमारे ७६ हजार संबंधांत अशी एकही लागण सापडली नाही. म्हणजे हा मुलगाही प्रतिबंधच करतोय, रोज, न चुकता. त्याला हरलेल्यांत ढकलणारं वाक्य मला नको.

‘तुझी सुरक्षा तुझ्या हातात’ हेही खोडलं. जिच्यावर जबरदस्ती होते, तिच्या हातात ती कुठे असते? उलट लागण झालीच तर दोष तिच्या माथी. तिथे कुणाकडे जायचं, हे लिहायला हवं. आणि ती गेल्यावर खिडकीतल्या बाईंनी आधी ‘लग्न झालंय का?’ असं विचारलं, तर आमची सगळी अक्षरं पाण्यात. दवाखान्यातल्या लोकांशी बोलल्याशिवाय पोस्टर लावायचं नाही, यावर मी अडून बसणार आहे.

उद्या सकाळी ‘७२ तास’ मोठ्या टायपात करायला सांगायचं. खालच्या हेल्पलाइनला रात्री अकरानंतर फोन लावून बघायचा, कुणी उचलतं का. उचलत नसतील तर नंबर बदलेपर्यंत छपाई थांबवायची, तारीख गेली तरी चालेल.