एक जिग पाठ होईपर्यंत

मंगळवारी सकाळी माझ्या कॉन्सर्टिनाचा, म्हणजे दोन्ही हातांत धरून वाजवायच्या छोट्या भात्याच्या पेटीचा, एक सूर मुका झाला. बटण दाबून भाता आत ढकलला की आवाज येई, भाता ओढला की नुसती हवा. वर्गात आम्ही बारा जण. प्राथमिक शाळेची खोली, भिंतीवर मुलांनी रंगवलेले मासे, बाहेर पाऊस. वर्गांचा दुसराच दिवस होता आणि या आठवड्यासाठी मी जानेवारीपासून रजा जमवत आले होते.

हे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मिलटाउन मॅलबेमध्ये. काउंटी क्लेअरमधलं हजारभर वस्तीचं गाव, एक मोठा रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पब. इथे दर वर्षी जुलैच्या पहिल्या शनिवारपासून नऊ दिवस विली क्लॅन्सी यांच्या नावाची उन्हाळी शाळा भरते. क्लॅन्सी याच गावचे. पेशाने सुतार, आणि इलिन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, वाजवण्यात फार मोठं नाव. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत, काखेतल्या भात्याने कोपर हलवून त्यात हवा भरतात. 1973च्या जानेवारीत क्लॅन्सी 54व्या वर्षी गेले आणि त्याच वर्षी मित्रांनी त्यांच्या आठवणीसाठी ही शाळा सुरू केली. बाहेरची माणसं याला केल्टिक संगीताचा महोत्सव म्हणतात, गावात मात्र तो शब्द मी एकदाही ऐकला नाही. इथे सगळे नुसतं ‘ट्रॅड’, म्हणजे पारंपरिक, म्हणतात, आणि ‘शाळा’ हा शब्द अगदी अक्षरशः घेतात. सकाळी दहा ते एक वर्ग, दुपारी व्याख्यान किंवा वादन, संध्याकाळी सेट डान्स, रात्री पबमध्ये सेशन, म्हणजे जमतील त्यांनी गोल बसून एकत्र वाजवणं.

मी डब्लिनला सहा वर्षं नोकरी करते, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नव्हता. भारतातून येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, नाही, त्याचा वेगळा व्हिसा लागतो. मला जड गेलं ते राहायची जागा मिळवणं. गाव एवढंसं आणि त्या आठवड्यात जगभरातून लोक येतात. लोक आपल्या घरातल्या खोल्या देतात, पण त्या बहुतेक मागच्या वर्षीच्याच पाहुण्यांना जातात. मार्चमध्ये मी फोन करायला लागले तेव्हा सगळीकडून नकार आला. शेवटी स्पॅनिश पॉइंटला, म्हणजे गावापासून तीनेक किलोमीटरवर, एका बाईंच्या घरी खोली मिळाली. 1588 साली स्पॅनिश आरमाराची जहाजं याच किनाऱ्यावर फुटली, नाव तेव्हापासूनचं. रोज वाद्याची पेटी पाठीवर घेऊन चालत जायचं आणि रात्री समुद्राचा आवाज ऐकत परत यायचं. जुलैत तिथे दहा वाजेपर्यंत उजेड असतो.

त्या बाई सत्तरीच्या. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण माझी जीभ वळेना. मनात मी त्यांना मावशीच म्हणत होते. पहिल्या संध्याकाळी माझी षटकोनी पेटी बघून त्यांनी त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली. पूर्वी क्लेअरमध्ये कॉन्सर्टिना हे बायकांचं वाद्य मानलं जाई. जर्मनीहून आलेल्या स्वस्त कॉन्सर्टिना घराघरांत असत, चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलेल्या. आयरिश भाषेत तिला ‘बायकांचा अकॉर्डियन’ अशा अर्थाचा शब्दच आहे. किलरशच्या एलिझाबेथ क्रॉटी याच परंपरेतल्या. पब चालवायच्या, कॉन्सर्टिना वाजवायच्या, आणि 1950च्या दशकात रेडिओमुळे त्यांचं वादन देशभर पोचलं. पुढचे सगळे दिवस ती पेटी हातात घेताना मला तो चुलीजवळचा कोनाडा दिसायचा.

तर मुका सूर. शिक्षिकेने पेटी कानाशी धरली, ओढून पाहिली आणि वर्गाला जवळ बोलावलं. बाजूच्या जाळीचे सहा स्क्रू काढले, जाळी आणि बटणांचा भाग उचलून बाजूला ठेवला. खाली लाकडी चकती, तिच्यात चाकाच्या आऱ्यांसारखे रीड बसवलेले. पितळी चौकटीत पोलादाची बारीक जीभ. तिने कडक कागदाची पट्टी एका जिभेखाली सरकवली आणि हलकेच ओढली. लोकरीचा एक तंतू निघाला, माझ्याच स्वेटरचा असावा. चकती बसवली, भाता ओढला, सूर आला.

मला सांगलीचं घर आठवलं. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. कार्तिकी एकादशीच्या आधी अंगणात चटई टाकून ते पेटी उघडायचे आणि अशाच कागदाने सुरांतली धूळ काढायचे. आपल्याकडे पेटीवाले रीडला ‘सूर’च म्हणतात. आपले सूर पितळी, इथले पोलादी, पण घराणं एकच. त्या रात्री फोनवर सांगितलं तर बाबांचा पहिला प्रश्न, ‘‘अगं, पण भाता कुठल्या हाताने मारतात?’’

हीच खरी अडचण होती. आपल्या पेटीत डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, आणि पट्टी दाबली की ठरलेला सूर. माझ्या अँग्लो प्रकारच्या कॉन्सर्टिनात दोन्ही हात बटणांवर आणि दोन्ही हात भात्यावर. एकाच बटणावर ढकलताना एक स्वर, ओढताना दुसरा. म्हणजे चाल कुठे दाबायची आणि कुठे ओढायची हेही चालीइतकंच पाठ करायचं. डब्लिनला तीन महिने मी कागदावर खुणा करून शिकले होते. इथे सोमवारी शिक्षिकेने सांगितलं, ‘‘वही पेटीत ठेव. या आठवड्यात कान वापरायचा.’’

ती दोन मात्रांएवढा तुकडा वाजवायची, आम्ही मागून. पुन्हा ती, पुन्हा आम्ही. दहादा, वीसदा. मग पुढचा तुकडा, मग दोन्ही जोडून. परवानगी विचारून फोनवर ध्वनिमुद्रण करता येई, पण लिहायचं नाही. आपल्याकडे गुरुमुखी विद्या म्हणतात ती याहून वेगळी नाही. शिकवायला घेतली होती एक जिग. जिग म्हणजे नाचाची चाल, तिला सहाचा ठेका, तीन-तीनचे दोन भाग, आपल्या दादऱ्याच्या अंगाने जाणारा. चालीला दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा, की एक आवर्तन.

बुधवारी चालत घरी येताना ती चाल गुणगुणत होते आणि नकळत सरगम आली. गंधार कोमल, निषाद कोमल, बाकी शुद्ध. हा तर काफी! मी रस्त्यातच थांबले. मुका झालेला सूर माझ्या हिशेबाने शुद्ध धैवत होता. ते ज्याला डोरियन म्हणतात तो स्वरसमूह आपला काफी थाट, आणि आयरिश चालींत तो पुष्कळ आहे. चलन अर्थातच निराळं. ही चाल राग नाही, तिला काफी म्हणून सजवायला गेलं तर बिघडते. पण सा कुठे आहे ते कळल्यावर हात भरकटायचे थांबले. ते ज्याला ‘कट’ म्हणतात तो क्षणभराचा स्पर्शही मला कणस्वरासारखा ऐकू यायला लागला.

गुरुवारी संध्याकाळी सेट डान्सला गेले. चार जोड्या चौकोनात उभ्या राहतात, आणि क्लेअरच्या नाचात पायाने जमिनीवर ताल धरतात. त्यांचा ‘स्विंग’ आला आणि समोरच्या आजोबांनी माझा हात धरून गिरकी घेतली. मंगळागौरीच्या फुगडीत अंग मागे टाकायची सवय होती, ती कामाला आली. तो हॉल, ते लाकडी जमिनीवर पडणारे शेकडो पाय, आवाज छातीत जाणवतो.

सेशनबद्दल मात्र नीट सांगते, कारण नवखी माणसं इथे स्वतः दुखावली जातात किंवा दुसऱ्यांना दुखावून जातात. पबच्या कोपऱ्यात वाजवणारे गोल बसलेले दिसतात. ते मंचावरचे कलाकार नसतात, पण खुर्ची रिकामी दिसली म्हणून जाऊन बसायचं नाही. विचारायचं. चाल येत नसेल तर वाद्य मांडीवर ठेवून ऐकायचं. टाळ्यांचा ठेका धरायचा नाही. कोणी आयरिशमध्ये जुन्या ढंगाचं, साथीशिवाय गाणं सुरू केलं तर अख्खा पब गप्प होतो. शुक्रवारी एका वृद्ध बाईंनी डोळे मिटून असं गाणं म्हटलं. शेजारच्या माणसाने त्यांचा हात हातात घेतला होता आणि कडव्यागणिक तो हळूहळू फिरवत होता. शब्द एकही कळला नाही, तरी माझे डोळे भरून आले.

पाच रात्री मी नुसती ऐकत बसले. शनिवारी त्याच कोपऱ्यात फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणाऱ्या बाईंनी माझ्या पेटीकडे बघून विचारलं, ‘‘तुझी एखादी आहे का?’’ हात गार पडले होते. मी जिग धरली, आठवडाभर धरली तशीच, सावकाश. पहिल्या तुकड्यात मी एकटी. दुसऱ्या तुकड्याला फिडल आली, मग बासरी, आणि त्यांनी माझी लय वाढवली नाही, माझ्याच लयीत आले. धैवत नीट वाजला. तिसरं आवर्तन संपताना बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि न थांबता पुढची जिग उचलली. ती मला येत नव्हती. मी भाता मिटला, पेटी मांडीवर ठेवली आणि ऐकत बसले.