मशीन बंद पडलं असतं तर परवडलं असतं

आयटी सपोर्टमध्ये ‘मशीन बंद पडतं’ ही तक्रार मला मनापासून आवडते. काय झालं ते निदान दिसतं तरी. त्या सहकाऱ्याची तक्रार मात्र विचित्र होती: त्याच्या लॅपटॉपवर बनवलेल्या मोठ्या झिप फायली अधूनमधून उघडताना चेकसम (फाईल बिघडली नाही ना, हे पडताळणारा आकडा) जुळत नसे. तीच फाईल पुन्हा बनवली की सगळं ठीक.

आधी संशय रॅमवर. मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही चूक नाही. एसएसडी ठणठणीत. मग मशीनवर भरपूर लोड टाकून एकाच फाईलचा हॅश (फाईलच्या मजकुरावरून निघणारा, दरवेळी तोच यायला हवा असा आकडा) पुन्हापुन्हा काढत बसलो. बराच वेळ तेच उत्तर, आणि मध्येच एकदम दुसरं! प्रोसेसरच गणित चुकतोय म्हटल्यावर मी स्टार्टअपची यादी उघडली. तिथे थ्रॉटलस्टॉप हे प्रोसेसरची सेटिंग बदलणारं सॉफ्टवेअर होतं आणि त्यात कोअर व्होल्टेजचा ऑफसेट उणे ११० मिलिव्होल्ट, म्हणजे प्रोसेसरला नेहमीपेक्षा तेवढं कमी व्होल्टेज. यालाच अंडरव्होल्टिंग म्हणतात.

“अहो, पण एकदाही क्रॅश झालेला नाही! तासभर स्ट्रेस टेस्टही केली होती. पंखा शांत, बॅटरी जास्त टिकते.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. चालू सर्किटला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. फ्रिक्वेन्सी तीच ठेवून १ व्होल्टचे ०.९ केले, तर त्यातली १९ टक्के वाचते. पण व्होल्टेज उतरलं की ट्रान्झिस्टर मंदावतात. प्रोसेसरचा ताल धरणाऱ्या क्लॉकचा पुढचा ठोका पडण्याआधी सिग्नल पोहोचला नाही, तर जुनाच बिट नोंदला जातो. गुणाकारासारख्या लांब वाटेच्या क्रिया आधी चुकतात, तेही ठरावीक आकड्यांवरच. तासभराच्या टेस्टमध्ये तो आकडा आलाच नाही, तर टेस्ट पास. कारखान्यात ठेवलेलं जास्तीचं मार्जिन तापमान, चिपचं वय आणि लोडचे झटके सोसायला असतं. ते फुकट जातंय असं फक्त चांगल्या दिवशी वाटतं.

२०१९मध्ये प्लंडरव्होल्ट हल्ला जाहीर झाला, तो याच वाटेने. सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज खाली ओढायचं आणि इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातलं गणित मुद्दाम चुकवून गुप्त किल्ली काढायची. त्यानंतर बायोसच्या (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून अनेक लॅपटॉपवर सॉफ्टवेअरने व्होल्टेज उतरवायची सोय बंद झाली. लोक चिडले. मला मात्र तो निर्णय पटला. हौस असेल त्याने बायोसमध्ये जाऊन, समजून-उमजून करावं. चालू सिस्टिममध्ये कुठल्याही अ‍ॅडमिन प्रोग्रामच्या हाती ते बटण नको. वीजच वाचवायची तर पॉवर लिमिट (प्रोसेसरने किती वीज घ्यायची याची मर्यादा) खाली आणा, टर्बो (गरजेला आपोआप वाढणारा जादा वेग) बंद करा. वेग घटेल, पण उत्तर बरोबर येईल.

ऑफसेट शून्यावर आणल्यावर हॅश एकदाही बदलला नाही. पॉवर लिमिट उतरवली, पंखाही शांत झाला. पण आधीच्या झिप फायलींचं काय? ते सेटिंग नेमकं कधी केलं हे त्याला आठवेना, त्यामुळे किती मागे जाऊन तपासायचं हेच ठरेना. बऱ्याच फायलींच्या मूळ प्रती तर केव्हाच डिलीट झाल्या होत्या.