तुम्ही विचारलंत म्हणून: ढगात शिरलं की विमान पडतं कसं?

"काका, तुम्ही एअरफोर्समधे होतात ना, मग सांगा, पायलट एवढा शिकलेला असतो तरी ढगात विमान पडतं कसं?" ग्वाल्हेरमधे हा प्रश्न कोणी विचारला की त्याच्या मनात कुठली तारीख आहे ते मला कळतं. ३० सप्टेंबर २००१, रविवार. अधिक महिना चालू होता, आमच्याकडे अनारसे तळत होते आणि शेजारच्या वहिनी दारातूनच ओरडल्या की महाराजांचं विमान पडलं. महाराज म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या राजघराण्यातले, काँग्रेसचे नेते माधवराव शिंदे, ते सभेसाठी दिल्लीहून कानपूरला निघाले होते, खराब हवेत मैनपुरीजवळ विमान कोसळलं. ते अनारसे नंतर कोणी खाल्ले नाहीत.

मी पायलट नव्हतो, इन्स्ट्रुमेंट फिटर होतो, कॉकपिटमधली यंत्रं बघायचं काम. म्हणून मी शब्दात सांगत बसत नाही, खुर्ची आणतो. परवा भाचीच्या मुलाला फिरत्या खुर्चीवर बसवलं, डोळ्यांवर रुमाल बांधला, म्हटलं ज्या बाजूला फिरतोयस तिकडे बोट दाखव. अगदी एकसारख्या वेगाने फिरवत राहिलो. आधी बोट बरोबर होतं, मग हळूहळू खाली आलं, म्हणाला "आजोबा, थांबलो." खुर्ची फिरतच होती! मग खरोखर थांबवली तर त्याने घाईघाईने उलट्या बाजूला बोट केलं, आणि रुमाल काढल्यावर चेहरा असा पांढरा पडला होता की त्याला पाणी दिलं आधी.

कानाच्या आत तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात, त्यात पाणी. वळायला लागलो की ते पाणी मागे राहतं आणि त्यावरून मेंदूला कळतं की आपण वळतोय, पण वळण तसंच चालू राहिलं तर पाणीही सोबत फिरायला लागतं आणि मेंदू म्हणतो सरळ चाललोय. जमिनीवर डोळे ही चूक सुधारतात. ढगात क्षितिजच नाही, सगळीकडे पांढरं, मग विमान एका पंखावर कलून वळत असतं आणि पायलटला शपथेवर वाटतं की आपण सरळ आहोत. नाक खाली जातं, वेग वाढतो, तो नाक वर घ्यायला स्टिक, म्हणजे हातातला दांडा, ओढतो आणि वळण आणखी आवळत जातं. १९५४ मधे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवर उडायचं शिक्षण नसलेल्या २० जणांवर हा प्रयोग झाला, बाहेरचं दिसणं बंद केल्यावर विसाच्या वीस जणांचा विमानावरचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदात. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. १६ जुलै १९९९ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा स्वतः विमान चालवताना गेला तो असाच, रात्र, समुद्रावर धुरकट हवा, खाली एक दिवा दिसत नव्हता.

यंत्रांवर उडायला शिकलेल्यांना हे माहीत असतं. समोरच्या कृत्रिम क्षितिजावर, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या यंत्रावर, विश्वास ठेवायचा, अंगाला काही का वाटेना. मी ते यंत्र हातात धरून तपासलंय, त्याचा जायरो, म्हणजे आतली वेगाने फिरणारी चकती, फिरताना बारीक घूं आवाज येतो, आणि कोणाचा तरी जीव याच्यावर आहे ही जाणीव मला प्रत्येक वेळी व्हायची. पण वादळी ढगासमोर यंत्रंही पुरत नाहीत, त्यात हवा वर आणि खाली इतक्या जोराने वाहते की छोट्या विमानाला तिथे शिरायचंच नसतं.

"मग त्या दिवशी पायलटचं चुकलं का?" हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर मी देत नाही. विमानात आठ जण होते, आठही गेले, त्यात दोघं पायलट आणि चार पत्रकार, आणि आपण बाड्यावर, ग्वाल्हेरच्या चौकात, नाव एकाचंच घेतो याचं मला वाईट वाटतं. त्याच माधवरावांनी १९९३ च्या जानेवारीत, दिल्लीच्या धुक्यात इंडियन एअरलाइन्सने भाड्याने घेतलेलं विमान उतरताना उलटलं तेव्हा, कोणी दगावलं नव्हतं तरी विमान वाहतूक मंत्रीपद सोडलं होतं.

तुम्ही विचारलंत, आणि तुमचे जावई कामासाठी छोट्या विमानाने जातात, म्हणून एवढंच सांगतो. पायलट म्हणाला आज हवा ठीक नाही, तर त्याला परत विचारायचं नाही, मीटिंग आहे, लोक वाट बघतायत हे ऐकवायचं नाही. जावयांना सांगा, त्याला नमस्कार करायचा आणि शताब्दीचं तिकीट बघायचं.