वाढत्या लेकीचा कृत्रिम पाय

अपघाताबद्दल फार लिहिणार नाही. साखळीजवळच्या एका वळणावर आमच्या लेकीचा, बायचा, उजवा पाय ट्रकखाली आला. १०८ वेळेत पोचली आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला, पण गुडघा वाचवला. बाय तेव्हा सहा वर्षांची होती. घरी आल्यापासून येणारा-जाणारा एकच विचारायचा, "पाय कधी बसवणार? जयपूरचा की परदेशी?" पाय बसेपर्यंत घरात केवढं काम पडून असतं, ते कुणाच्या गावीही नसतं.

पहिलं काम म्हणजे पट्टी. जखम भरली तरी उरलेल्या पायाला सूज असते. ती उतरून त्याला नीट आकार येईपर्यंत क्रेप बँडेज बांधायचं: टोकाशी घट्ट, वर जाताना सैल, आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं तिरकं. गोल गोल गुंडाळलं की मध्येच आवळतं आणि टोक आणखी सुजतं. बाय घरभर रांगायची, त्यामुळे दिवसातून किती वेळा सोडून बांधलं त्याला हिशोब नाही. दुसरं काम गुडघा सरळ ठेवण्याचं. तो वाकलेल्या अवस्थेत आखडला, तर पुढे कितीही चांगला पाय आणा, चालता येत नाही. सासूबाई मायेपोटी गुडघ्याखाली उशी सारायच्या, फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या की पहिल्यांदा ती उशी काढायच्या. दोघीही हट्टी. शेवटी मॅडमनी सासूबाईंनाच व्यायाम घ्यायला बसवलं, तेव्हा उशी गेली.

मग रात्रीची रडारड. "आई, बोटांना मुंग्या चावतायत." कुठली बोटं? जी नव्हतीच ती. सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, मी काढू दिली. डॉक्टरांनी सांगितलं, ही कल्पना नाही, खरीच वेदना आहे, पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा तशीच असते. औषध दिलं, शिवाय उरलेल्या पायाला आधी कापसाने, मग मऊ फडक्याने, मग टॉवेलने चोळायला सांगितलं. हळूहळू बाय स्वतःच चोळू लागली आणि मुंग्या कमी झाल्या.

पाय करायला आम्ही मुंबईला गेलो, हाजी अलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत. थिवीहून रात्रीची कोकणकन्या, गिरगावात मावशीकडे मुक्काम. तिथे कळलं की खरा खेळ पावलाचा नाही, सॉकेटचा आहे. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात शिरतो ती वाटी. टेक्निशियनने मोजा चढवला, हाडाच्या नाजूक जागांवर पेन्सिलीने खुणा केल्या, मग ओलं प्लास्टर गुंडाळून साचा घेतला. भार टोकावर घ्यायचा नसतो, गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेवर आणि बाजूंवर वाटायचा असतो. दोन दांड्यांमध्ये उभी राहून बाय पहिलं पाऊल टाकायच्या आधी म्हणाली, "हा बूट काढा, जड आहे."

घरी आल्यावर सुरुवातीला थोडाच वेळ घालायचा, काढून कातडी बघायची. लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर घालायचा नाही, परत दाखवायचं. दिवसभरात पाय थोडा आटतो आणि सॉकेट सैल होतं, तेव्हा आत आणखी एक मोजा चढवायचा. हे मोजे गोव्यात जून लागला की जिवावर येतात. घामाने भिजतात आणि वाळत म्हणून नाहीत. ओला मोजा घातला की फोड ठरलेला. मी ते इस्त्रीने वाळवते, शाळेत जादा जोडी देते आणि मधल्या सुट्टीत तिच्या बाई बदलून देतात.

'परदेशी पाय'वाल्यांना माझं उत्तर असं. १९६८ साली जयपुरात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट केला, तो आपल्यासारख्यांसाठीच: अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्यांसाठी. १९७५पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत बसवते. महागडं पाऊल पुढे कधी घ्यायचं तर घ्यावं. पण या वयात वर्ष-दोन वर्षांत सॉकेट लहान होतं, तेव्हा कर्ज काढून आणलेला पाय आपण कपाटात ठेवणार का? सॉकेट आणि पाऊल यांच्या मधला पाइप थोडा लांबवता येतो, सॉकेट मात्र नवंच लागतं.

गुडघा वाचल्याचं मोल मला इथे कळलं. गुडघ्याखालच्या नडगीच्या वरच्या टोकाची वाढ चालू राहते, म्हणून उरलेला पायही मुलाबरोबर लांब होतो. याची दुसरी बाजू अशी की कापलेल्या हाडाचं टोक कातडीपेक्षा जोरात वाढून टोचू शकतं आणि कधी पुन्हा शस्त्रक्रिया लागते. म्हणून अधूनमधून एक्स-रे. टोकाशी दुखतंय म्हणाली की मी ते नखरे समजत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) लवकर करून घ्या. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलं की २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या बऱ्याच सवलती लागू होतात. मुलाला कडेवर घेऊन रांगेत उभं राहणं हा वेगळाच व्यायाम आहे.

सध्याची अडचण बुटांची आहे. डावा पाय वाढला, उजवं पाऊल रबराचं, ते होतं तेवढंच. टाच उंच किंवा सखल झाली तर पायाची बैठक बिघडते, म्हणून प्रत्येक नव्या बुटाची टाच जुन्याशी लावून बघावी लागते. म्हापशाच्या बाजारात दुकानदाराला सांगितलं, डावा एक नंबर मोठा द्या. तो म्हणाला, जोडी फोडत नाही. दोन्ही मोठेच घेतले आणि उजव्यात पुढे कापड कोंबलं. बायला गुलाबी हवे होते, शाळेला काळे लागतात. त्यावरून घरी अजून भांडण चालू आहे.