भरताच्या रविवारची पुस्तकं

डिसेंबर लागला आणि भरताची वांगी तोडणीला आली की आमच्या वाचनालयाचा मेळावा जवळ आला, असं समजायचं. पत्रिका नाही, फलक नाही. आमचे ग्रंथपाल आप्पा पुस्तकावर तारखेचा शिक्का मारता मारता सांगायचे, "रविवारी मळ्यात. एक कादंबरी आणा, एक ताट आणा." ताट विसरलं तर केळीच्या पानावर भागायचं, यावल तालुक्यात पानाला काय तोटा! कादंबरी विसरणारा मात्र शेवटच्या पंगतीला.

विहिरीजवळ कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून त्यात वांगी टाकलेली असायची. जाळ भडकला की साल करपून फुटते आणि आतला गर शिजताना फुसफुसतो. तरणी पोरं पाण्यात बोटं बुडवत गरम वांगी सोलत बसायची, आणि इकडे बोलणं सुरू व्हायचं. नियम दोनच. शेवट सांगायचा नाही. पाच मिनिटं झाली की आप्पा ताटावर उलथणं वाजवणार, मग वाक्य अर्धं राहिलं तरी बसायचं. बोलून झालं की पुस्तक खाटेवर ठेवायचं. जो उचलेल त्याने पुढच्या वर्षी ते कसं वाटलं ते उभं राहून सांगायचं.

मी पहिल्यांदा गेलो तो सातवीत, पाणी वाढायला. तेव्हा हायस्कूलचे सर दरवर्षी 'स्वामी'च आणत. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या दुखण्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज असा कापायचा की वांगी सोलणारे हातही थांबायचे. (मला त्या कादंबरीतले संवाद फार नटवे वाटतात, पण हे सरांसमोर बोलायची छाती अजूनही नाही.) त्यांचे कायमचे प्रतिस्पर्धी म्हणजे एसटीत कंडक्टर असलेले नाना. ते रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे भक्त. एकदा नाना उठून म्हणाले, "सर, तुमचे माधवराव जाणार हे पहिल्या पानापासून माहीत. आमच्या झुंजारचं पुढच्या पानावर काय होणार, ते फक्त अर्नाळकरांना माहीत!" हशा ओसरेपर्यंत आप्पांचं उलथणं वाजून गेलं होतं.

सरांनी ते मनाला लावून घेतलं असावं. त्यांनी खाटेवरून मुकाट्याने नारायण धारपांची एक भयकादंबरी उचलली. पुढच्या वर्षी उभे राहिले आणि एवढंच बोलले, "लेखकाची भाषा साधी आहे. आमच्या घरात मात्र महिनाभर रात्री दिवा मालवू दिला नाही." कोणी मालवू दिला नाही, ते सांगितलं नाही. समोर बसलेल्या काकूंनी पदर तोंडाला लावला होता.

विज्ञानकथेचं खातं बराच काळ रिकामं होतं. नारळीकरांचं 'प्रेषित' मीच अकरावीत असताना नेलं आणि पाच मिनिटांत सगळं विश्व समजावून सांगायला गेलो. कुणी उचललं नाही. शेवटी आप्पांनीच उचललं, बहुतेक माझा चेहरा बघून. एका ताईंनी 'रणांगण' उचललं ते पातळ आहे म्हणून. पुढच्या वर्षी त्या उभ्या राहिल्या, "जहाजावरची गोष्ट आहे," म्हणाल्या आणि पुढे बोलता येईना म्हणून बसल्या. त्या वर्षी 'रणांगण'साठी खाटेपाशी झोंबाझोंबी झाली.

आक्कांचं बोलणं वेगळंच. त्यांचं माहेर हतनूरच्या धरणात गेलेलं. त्यांनी विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आणली होती, धरणग्रस्तांवरची जाडजूड कादंबरी. गोष्ट त्यांनी सांगितलीच नाही. आपल्या गावात शिरताना आधी काय लागायचं, मग काय, कुणाच्या ओट्यावर म्हाताऱ्या बसायच्या, चिंच कुठे, विहीर कुठे, हे एकेक करत सांगत गेल्या. मग म्हणाल्या, "हे सगळं त्याच्यात नाही. पण वाचलं की दिसतं." पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. आप्पांनी उलथणं हातातच धरून ठेवलं होतं.

आणि 'कोसला'. भालचंद्र नेमाडे आमच्याच तालुक्यातल्या सांगवीचे, त्यामुळे 1963 सालचं हे पुस्तक दरवर्षी कुणीतरी आणायचंच. आणि दरवर्षी कुणीतरी म्हणायचं, ती 'उदाहरणार्थ', 'वगैरे'ची भाषा ठीक आहे, पण ह्यात घडतं काय? एका वर्षी आणणाऱ्याने शहाणपणा केला. म्हणाला, "बाप खान्देशात कष्ट करतो आणि पोरगा पुण्यात त्याचे पैसे कसे उडवतो, त्याची कादंबरी आहे." हे ऐकून मागे बसलेले एक केळीवाले बाबा उठले आणि पुस्तक उचलून पिशवीत घातलं. त्यांचा धाकटा त्या साली पुण्याला कॉलेजात होता. बाबा कादंबऱ्यांच्या वाटेला कधी जात नसत. भरीत-पुरीला येत, कांद्याची पात वरून जास्तीची मागून घेत, संपलं.

वर्षाने ते उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, आता पोराची हजेरी घेणार. बाबा म्हणाले, "आपल्याच शिवारातला पोरगा हाये तो. मले आवडला. मधी चार दिवस ठेवून दिलं व्हतं पुस्तक, मग पुन्हा धरलं." आणि बसले. का ठेवून दिलं, हे कुणी विचारलं नाही. वांगी ठेचायला घेतली होती, मिरच्यांचा ठसका उठला होता, सगळ्यांचं लक्ष तिकडे.

त्या वर्षी ते पुस्तक मी घरी आणलं. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग काळा पडतो आणि जन्मात जात नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबांच्या हाताचे डाग तसे पुस्तकभर होते, फिकट, कडेकडेने. पुण्यातल्या होस्टेलच्या, मेसच्या, उधळपट्टीच्या पानांवर तर जवळपास नव्हतेच. कादंबरीचा नायक पांडुरंग, त्याची धाकटी बहीण जाते, त्या पानाशी मी आलो. तिथे दोन्ही कडांना एकेक अंगठा होता, रेघा मोजता येतील इतका स्पष्ट.